देणगी आणि देणं : पाळकांना, धर्मगुरूंना आणि मंडळीच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

आदरणीय पाळकहो, धर्मगुरू, बिशप आणि मंडळ्यांचा कारभार पाहणारे वडीलजनहो,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सलाम.

मी सहा वर्षं एका मंडळीचा खजिनदार होतो. ईश्वरविज्ञान शिकलेलो नाही. मला येतो तो हिशेब, आणि हे पत्रही एका हिशेबाबद्दलच आहे. आपल्यापैकी काहींना यातला सूर उद्धट वाटेल. तो आधी माझ्यावरच वापरला आहे, एवढं लक्षात घ्यावं.

आमच्या चर्चला एक केअरटेकर होता. पहाटे कुलूप काढायचं, बाकं पुसायची, प्रभुभोजनाच्या मेजावर कापड अंथरायचं, सगळे गेल्यावर पंखे बंद करून पुन्हा कुलूप लावायचं, ही त्याची कामं. एका वर्षी आम्ही नवी साउंड सिस्टिम घेतली. देणग्या कमी पडल्या. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, पगाराचं थोडं मागेपुढे करू, आपलाच माणूस आहे, समजून घेईल. ठरावावर सही माझी आहे. हे मागेपुढे चार महिने चाललं. मध्ये नाताळ आला. गरिबांना भेटवस्तू वाटल्या, त्यात त्यालाही एक ब्लँकेट दिलं. त्याने हात जोडले, फोटो निघाला. मी वहीत नोंद केली : ‘गरिबांस मदत, ब्लँकेट’.

त्याचा चार महिन्यांचा पगार त्या वहीत कुठेच नव्हता. दिलेला नव्हता म्हणून खर्चात नाही, आणि देणं आहे असं कुणी लिहिलं नाही म्हणून देण्यातही नाही. ज्याचे आम्ही देणेकरी होतो, तो आमच्या कागदावर आमचा लाभार्थी होता.

पुढे एका रविवारी शास्त्रवाचनाची पाळी माझी होती. वाचन होतं याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय. त्यानेच येऊन माइक माझ्या उंचीला लावून दिला आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे दाराशी जाऊन उभा राहिला. नव्या स्पीकरमधून माझा आवाज खणखणीत येत होता. चौथ्या वचनाशी आलो. तुम्ही अडकवून ठेवलेली कामकऱ्यांची मजुरी ओरडते आहे, आणि त्या आरोळ्या सेनाधीश प्रभूच्या कानी गेल्या आहेत, असं ते वचन आहे. मी वाचलं, अडखळलो नाही. त्यानंतर संदेश झाला तो सातव्या वचनावर. विषय होता : धीर धरा.

त्या दिवसापासून मनात घोळत असलेली गोष्ट सरळ सांगतो. आपण आम्हाला द्यायला फार चांगलं शिकवलंत. दशमांश, उपकारस्तुतीचं अर्पण, मिशनसाठी, आजाऱ्यांसाठी, पुरासाठी. आम्ही काय देणं लागतो, हे मात्र कधी शिकवलं नाहीत. मराठीत ‘देणं’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. आपण वापरतो ते हात सैल सोडण्याचं देणं. शास्त्र वारंवार बोलतं ते दुसऱ्या देण्याबद्दल, जे फेडलं नाही तर माणूस बुडवा ठरतो.

जक्कय या जकातदाराची गोष्ट घ्या. रविवारच्या शाळेत आपण ती कितीदा सांगतो! ठेंगणा होता, उंबरावर चढला, येशूने हाक मारली, तो बदलला. पोरांकडून झाडाचं चित्रही काढून घेतो. पण जक्कय उभा राहून बोलतो ते वाक्य खजिनदाराच्या डोळ्यांनी वाचा. त्यात दोन वेगळ्या रकमा आहेत. मालमत्तेचा अर्धा भाग गरिबांना. आणि ज्यांच्याकडून अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत. पहिली देणगी, दुसरं देणं. त्याने दोन्ही एका खात्यात घातली नाहीत. फसवलेल्या माणसाला ‘गरीब’ म्हणून ब्लँकेट दिलं नाही. चौपट हा आकडाही त्याने हवेतून काढलेला नाही. चोरलेल्या एका मेंढराबद्दल चार मेंढरं, हा निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातला नियम त्याने स्वतःला लावून घेतला. आणि ‘आज या घराला तारण प्राप्त झालं’ हे येशूचं बोलणं या दुसऱ्या रकमेच्या नंतर येतं. नुसता झाडावरून उतरला तेव्हा नाही.

‘आधी तारणाचं बोला, न्यायाचं मागाहून’ असं आपल्यापैकी अनेक जण म्हणतात. त्यांना माझा प्रश्न एवढाच आहे की ही गोष्ट ज्याच्या शुभवर्तमानात आहे त्या लूकने या दोन गोष्टी एका श्वासात का लिहिल्या?

यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायावर मी आजवर एकही संदेश ऐकलेला नाही. यहोयाकीम राजा नवा वाडा बांधतो. प्रशस्त माड्या, मोठ्या खिडक्या, गंधसरूची तक्तपोशी, हिंगुळाचा रंग. मजुरांना मजुरी मात्र देत नाही. संदेष्टा त्याला त्याच्या बापाची, योशीयाची आठवण करून देतो : तोही खात-पीत होताच की, पण त्याने गरीब-दुबळ्याचा न्याय केला. आणि मग देव विचारतो, मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे काय? आपण ‘देवाला ओळखणं’ या विषयावर शिबिरं घेतो, उपास करतो, रात्रभर प्रार्थना करतो. यिर्मयाने त्याची व्याख्या एका वाड्याच्या बांधकामावर केली, पगारपत्रकासकट. (योशीयाच्या काळात मंदिराची दुरुस्ती झाली तेव्हा सुतार-गवंड्यांसाठी ज्यांच्या हाती पैसा दिला, त्यांच्याकडून हिशेब मागितला गेला नाही, कारण ते सचोटीने वागत, असं दुसऱ्या राजांच्या पुस्तकात आहे. कुठल्याही खजिनदाराला हेवा वाटावा असं ते वाक्य आहे.)

थोडा दोष भाषेचाही आहे. डोंगरावरच्या प्रवचनात आपण वाचतो, जे नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले ते धन्य. मूळ ग्रीक शब्द आहे दिकायोसुने. त्यात माणसाची सचोटीही येते आणि न्यायही येतो. मराठीत ‘नीतिमत्त्व’ म्हटलं की डोळ्यांसमोर दारू न पिणारा, शिवी न देणारा, वेळेवर उपासनेला येणारा गृहस्थ उभा राहतो. ‘न्यायाचे भुकेले’ म्हटलं की कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेली बाई दिसते. अनुवादकांना मी नावं ठेवत नाही. एका शब्दात दोन्ही मावणं कठीण आहे. पण व्यासपीठावरून हे समजावून सांगायला कोण अडवतं? यशयाच्या पाचव्या अध्यायात तर देव शब्दांशीच खेळतो. त्याने मिश्पात म्हणजे न्यायाची वाट पाहिली, तर मिळाला मिस्पाख, रक्तपात. त्सदाका म्हणजे नीतिमत्त्व अपेक्षिलं, तर कानी आली त्साआका, आरोळी. उच्चार जवळपास सारखेच. वरवर ऐकणाऱ्याला फरक कळूही नये. हीच आमची गत आहे. उपासनेचा आवाज लांबून फार छान येतो.

नियमशास्त्रात शेताच्या कडा सोडायला सांगितलं आहे. विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका, ती उपरी, अनाथ आणि विधवा यांची. तिथे शेतकऱ्याने उदार व्हावं असं म्हटलेलं नाही. ती पेंढी त्यांचीच. परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली ती या नियमाच्या आधारावर. बवाजाचा मोठेपणा नियमाच्या पुढे जाण्यात आहे. चौथ्या शतकातले मिलानचे बिशप अँब्रोस यांनी राजाने बळकावलेल्या नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर लिहिताना हेच श्रीमंतांना सुनावलं : गरिबाला देतोस ते तुझ्यातलं नाही, त्याचंच त्याला परत करतोस. हेच अँब्रोस इ.स. ३९० मध्ये थेस्सलनीकात सैनिकांनी केलेल्या कत्तलीनंतर रोमन सम्राट थिओडोसियसला म्हणाले की जाहीर पश्चात्ताप केल्याशिवाय प्रभुभोजन मिळणार नाही. आपल्या मंडळीतल्या मोठ्या देणगीदाराला असं सांगण्याचा प्रसंग आला तर काय होईल, याचा विचार मी खजिनदार असताना अनेकदा केला. उत्तर माझ्याजवळ होतं, म्हणूनच विचार तिथेच थांबवत असे.

आमच्या समितीत नंतर केअरटेकरच्या थकलेल्या पगाराचा विषय निघाला तेव्हा एक जण अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, पण त्याने कधी मागितलाच नाही की! पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी कामगारांच्या स्थितीवर परिपत्र काढलं, त्यात या वाक्याला उत्तर आहे. गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीने कामगार कठीण अटी मान्य करतो, तेव्हा तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी असतो, असं ते म्हणतात. मजुरी बुडवणं हे स्वर्गाकडे ओरडणाऱ्या पापांपैकी एक, ही कॅथलिक परंपरेची जुनी शिकवण आहे. आम्ही प्रॉटेस्टंट, ही यादी पाठ केली असती तर काही बिघडलं नसतं.

आता मोठा हिशेब. इंग्लंडमध्ये १७०१ साली परदेशांत शुभवर्तमान पसरवण्यासाठी एक सोसायटी स्थापन झाली. १७१० मध्ये ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन नावाचा मळेवाला वारला आणि बार्बाडोस बेटावरचे आपले उसाचे मळे मृत्युपत्राने या सोसायटीला देऊन गेला, गुलामांसकट. हेतू उदात्त होता. तिथे एक कॉलेज उभं राहावं. सोसायटीने मळे चालवले. गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने डाग दिला जाई, त्यातली अक्षरं होती ‘सोसायटी’. शुभवर्तमान सांगणाऱ्या संस्थेचं नाव, माणसाच्या कातडीवर. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि भरपाई म्हणून २ कोटी पौंड ठेवले. ते मिळाले मालकांना, सोसायटीलाही. गुलामांना छदामही नाही.

या कायद्यासाठी आयुष्य घालवणारे विल्यम विल्बरफोर्स आणि त्यांचे सहकारी ख्रिस्ती होते, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच. पण मळ्याचे मालकही आपलेच होते, हे सांगत नाही. देणगीचा इतिहास पाठ, देण्याचा विसरलेला.

चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनडने, म्हणजे धर्मसभेने, गुलामगिरीतल्या आपल्या सहभागाबद्दल माफी मागितली ती २००६ मध्ये. माझ्यासारख्याला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. या चर्चची गुंतवणूक सांभाळणाऱ्या चर्च कमिशनर्सनी लेखापाल बसवून जुन्या वह्या उघडल्या. गरीब पाळकांच्या मदतीसाठी अठराव्या शतकात काढलेल्या एका निधीचा पैसा गुलामांची वाहतूक करणाऱ्या साउथ सी कंपनीत गुंतवला होता, हे त्यातून पुढे आलं. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी १० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. रक्कम पुरेशी आहे का, यावर वाद आहे आणि तो व्हायलाच हवा. पण वही उघडली. तीनशे वर्षांपूर्वीची उघडता येते, तर गेल्या वर्षीची का येऊ नये?

याच ठिकाणी कुणीतरी क्षमेचा विषय काढतं. सगळ्यांत जास्त दुखतं ते इथे, म्हणून जरा थांबतो.

नवऱ्याचा मार खाणारी बाई पाळकांकडे येते. मंडळीतल्याच एका वजनदार माणसाने हात लावला म्हणून मुलगी रडत येते. पहिल्या दहा मिनिटांत त्यांना मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं ‘साताच्या सत्तर वेळा’ ऐकवलं जातं. मंडळीची बदनामी नको, प्रार्थना करू, देव पाहतो आहे. पण तो अध्याय सुरुवातीपासून वाचा. सुरुवात लहानग्यांपासून होते : त्यांतल्या एकाला जो अडखळवेल, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं हे त्याच्या हिताचं. मग अपराध करणाऱ्या भावाकडे जाऊन त्याचा अपराध त्याला दाखवण्याची आज्ञा येते. ऐकलं नाही तर दोन-तीन साक्षीदार न्यायचे. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांगायचं. हे सगळं झाल्यावर, एकविसाव्या वचनात, पेत्र क्षमेबद्दल विचारतो. आपण अध्याय उलटा वाचतो. शेवटाची क्षमा आधी मागून घेतो, ती मिळाली की साक्षीदारांची गरज उरत नाही, आणि जात्याची तळी तर कुणाला आठवतही नाही.

क्षमा करण्याचा अधिकार ज्याचं नुकसान झालं त्याचा. ती त्याने आपल्या वेळेला, आपल्या देवासमोर करायची. ती वसूल करायला मंडळीने माणसं पाठवायची नसतात. क्षमा झाली तरी देणं राहतंच, हेही सांगून ठेवतो. मी तुमची चोरी माफ केली म्हणून तुम्ही घड्याळ ठेवून घ्यायचं असं नाही.

वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणारा दक्षिण आफ्रिकेचा सत्य आणि समेट आयोग आपल्या प्रवचनांत अनेकदा येतो. आर्चबिशप डेस्मंड टूटू अध्यक्ष, १९९६ मध्ये सुनावण्या सुरू झाल्या, छळ सोसलेल्यांनी छळणाऱ्यांसमोर उभं राहून सांगितलं. मोठी गोष्ट होती. पण पुढचं कुणी सांगत नाही. पूर्ण कबुली देणाऱ्यांना माफी देण्याचा अधिकार आयोगाकडेच होता. पीडितांना भरपाई द्यायची फक्त शिफारस आयोग करू शकत होता, आणि ती सरकारने दिली २००३ मध्ये, एकदाच, माणशी ३०,००० रँड. आयोगाने सुचवलेल्या रकमेपेक्षा ती बरीच कमी होती. समेट लवकर झाला, फेड उशिरा आणि अर्धवट. टूटूंनीही याबद्दल नाराजी बोलून दाखवली होती.

त्याच देशातली जुनी गोष्ट आपल्यासारख्यांसाठी जास्त बोचरी आहे. १८५७ मध्ये डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडपुढे प्रश्न आला होता. काही गोऱ्या सभासदांना काळ्या आणि मिश्रवर्णी विश्वासणाऱ्यांबरोबर प्रभुभोजन घ्यायला नको होतं. सिनडने म्हटलं, एकत्र उपासना हेच शास्त्राला धरून आहे. पण काहींच्या दुबळेपणामुळे वेगळी सोय करायला हरकत नाही. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळं चर्चच झालं. पुढे त्या देशात काय झालं ते जगाला ठाऊक आहे. ‘काहींच्या दुबळेपणामुळे’ हे शब्द मी अधोरेखित करून ठेवले आहेत. दुबळे कोण ठरले पाहा : ज्यांच्या हाती शेतं, बंदुका आणि चर्चची मतं होती ते. आमच्या समितीतही देणगीदार नाराज होईल म्हणून आम्ही अनेक गोष्टी टाळल्या, आणि त्याला समजूतदारपणा म्हटलं.

हे राजकारण आहे, चर्चमध्ये नको, असं कुणी म्हणेल. पक्षांची पत्रकं व्यासपीठावर नकोत, मलाही नकोत. पण केअरटेकरचा पगार हे राजकारण कधीपासून झालं? आपल्याच शाळांतल्या हंगामी शिक्षिका, आपल्याच रुग्णालयांतल्या रात्रपाळीच्या परिचारिका, ‘ही सेवा आहे’ असं सांगून ज्यांना कमी दिलं जातं, त्यांचा विषय काढणं हे राजकारण असेल, तर याकोबाचं पत्र आधी बायबलमधून काढावं लागेल.

मला आपल्याकडून काय हवं आहे? ठराव नको, न्याय-रविवारही नको. तो एक दिवस साजरा होईल आणि बॅनर स्टोअररूममध्ये जाईल. वार्षिक सभेत अहवाल वाचताना पहिल्या पानावर ‘आम्ही काय दिलं’ असतं. त्याच्याही आधी, आम्ही कुणाचं काय देणं लागतो, ते वाचून दाखवावं : मजुरी, मानधन, शब्द देऊन न पाळलेली पेन्शन, कुणाच्या जमिनीवर इमारत वाढली असेल तर तेही. मंडळीतल्या माणसाविरुद्ध तक्रार आली, तर ती ऐकणारा त्याचा मित्र नसावा. आणि वर्षातून काही रविवार आमोस आणि यिर्मया पूर्ण वाचावेत, मधली वचनं न गाळता. आमोसाच्या पाचव्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा. आमची साउंड सिस्टिम फार चांगली आहे, म्हणून हे वचन मला विशेष लागतं.

त्या रविवारनंतर मी विषय काढला. वाद झाला, पण थकलेला पगार दोन हप्त्यांत दिला गेला. दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी त्याने व्हाउचरवर सही केली, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि विचारलं, ‘साहेब, यातून ब्लँकेटचे कापले नाहीत ना?’

नाही म्हणालो. एवढंच बोलणं झालं. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात म्हटलं आहे की लुबाडलेलं परत करताना वर पाचवा हिस्सा घालून द्यावा. तो आम्ही दिला नाही. समितीत मी सुचवलाही नाही. पुढे तो काम सोडून गेला. मी खजिनदार नाही आता, पण त्या चार महिन्यांचा पाचवा हिस्सा किती होतो ते काढून बाजूला ठेवलं आहे. जुन्या पगारपत्रकावर त्याचा पत्ता अर्धाच लिहिलेला आहे. अक्षर माझंच.

आपला,
एका मंडळीचा माजी खजिनदार